रायफल, मोठ्या शिकारीची (आफ्रिका)

आफ्रिकेतील हत्ती, गेंडा, पाणघोडा, रानरेडा व सिंह यांसारख्या महाकाय किंवा हिंस्र श्वापदांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारी रायफल. हिचा कॅलिबर (नळीचा अंतर्व्यास) व त्याला अनुरूप काडतूस यांची निवड हा शस्त्रविद्येतील एक स्वतंत्र प्रश्न मानला जातो. हरणाच्या शिकारीत निवड चुकली, तर बहुधा शिकार हातची जाते. जखमी रानरेडा दाट झुडुपांत शिरला, तर मात्र त्याच्या मागावर जाणे शिकाऱ्याला भाग पडते. त्या वेळी त्याच्या व पुढे चालणाऱ्या माग काढणाऱ्यांच्या जिवाशी गाठ असते आणि प्राण्याचेही हाल होतात. त्यामुळे पहिल्याच गोळीने मर्मस्थानाचा भेद होणे, ही या निवडीमागील मूळ अपेक्षा होय.

कॅलिबर बहुधा इंचाच्या दशांश अपूर्णांकात सांगतात (०·३७५ इंच = ९·५ मिमी.). तथापि काडतुसाचे नाव व गोळीचा प्रत्यक्ष व्यास यांत फरक असू शकतो. उदा., ०·४०४ जेफरी या काडतुसाच्या गोळीचा व्यास सु. ०·४२३ इंच असतो.

ऐतिहासिक विकास : काळ्या दारूच्या काळात गोळीचा वेग फारसा वाढविता येत नसे, म्हणून गोळीचे वजन वाढविणे हाच मार्ग होता. ‘४ बोअर’ बंदुकीच्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या चार गोळ्यांचे वजन नाममात्र एक पौंड भरे. म्हणजे एक गोळी सु. ११३ ग्रॅ. वजनाची असे. इंग्रज शिकारी फ्रेडरिक सेलूस याने १८७० नंतरच्या दशकात अशा तोंडाने भरावयाच्या बंदुकांनी हत्तींची शिकार केली. परंतु त्यांच्या जबर धक्क्यामुळे आपली नेमबाजी बिघडली, असे त्याने पुढे नमूद केले आहे.

धूरहीन दारूच्या शोधाने हे चित्र पालटले. लंडनच्या रिग्बी या कंपनीने १८९८ मध्ये ०·४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस प्रचारात आणले. त्यातील ३१ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला सु. ६५५ मी. वेगाने जात असे. कॉर्डाइट या दारूचा दाब उष्ण हवेत वाढतो व रिकामे काडतूस नळीत अडकण्याचा धोका संभवतो. म्हणून या जातीच्या काडतुसांची पुंगळी मोठी व त्यांतील दाब बेताचा ठेवीत. ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सूदान येथे ०·४५० कॅलिबरच्या वापरास बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा कॅलिबर तोच असल्याने दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, अशी सरकारला धास्ती होती. या बंदीतून ०·४६५, ०·४७० व ०·४७५ क्र. २ ही पर्यायी काडतुसे प्रचारात आली. त्यांपैकी ०·४७० आजही दुनळी रायफलींत सर्वाधिक रूढ आहे. याच सुमारास माउझर पद्धतीच्या बोल्ट रायफलींसाठी ०·४०४ जेफरी, ०·४१६ रिग्बी (१९११) व ०·३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२) ही काडतुसे तयार झाली. अमेरिकेत ०·४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये निघाले. त्याची पुंगळी आखूड असल्यामुळे दारू दाबून भरावी लागे व प्रत्यक्षातील वेग अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी पडे. मोझांबीकमध्ये रानरेड्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्या जॅक लॉट याने लांब पुंगळीचे ०·४५८ लॉट हे काडतूस १९७१ मध्ये सिद्ध केले.

कोष्टक : काही प्रमुख काडतुसे (आकडे स्थूलमानाने)

| काडतूस | गोळीचे वजन (ग्रॅ.) | नळीच्या मुखाशी वेग (मी./से.) | ऊर्जा (जूल) |
|---|---|---|---|
| ०·३७५ हॉलंड अँड हॉलंड | १९·४ | ७७० | ५,७५० |
| ०·४१६ रिग्बी | २६·६ | ७२२ | ६,९३० |
| ०·४५८ विंचेस्टर | ३२·४ | ६५० | ६,८४० |
| ०·४७० नायट्रो एक्सप्रेस | ३२·४ | ६५५ | ६,९५० |
| ०·४५८ लॉट | ३२·४ | ७०० | ७,९४० |
| ०·६०० नायट्रो एक्सप्रेस | ५८·३ | ५९४ | १०,२९० |

भेदनशक्ती : केवळ ऊर्जेच्या आकड्यावरून काडतुसाची योग्यता ठरत नाही. हत्तीचा मेंदू हाडांच्या असंख्य पोकळ्यांनी बनलेल्या जाड कवटीत खोलवर असतो. समोरून झाडलेली गोळी हे सर्व भेदून सरळ रेषेत गेली, तरच ती मेंदूपर्यंत पोहोचते. यासाठी गोळीची छेदीय घनता महत्त्वाची असते. गोळीच्या पौंडांतील वजनाला इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागले असता ती मिळते. मोठ्या शिकारीसाठी ती सु. ०·३०० किंवा अधिक असणे इष्ट समजतात. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने हजारावर हत्ती मारले व त्यांपैकी बहुसंख्य ७ मिमी. (०·२७५ रिग्बी) कॅलिबरच्या हलक्या रायफलीने मारले. या सु. ११ ग्रॅ. वजनाच्या लांबट गोळीची छेदीय घनता ०·३७५ मॅग्नमच्या १९·४ ग्रॅ. गोळीएवढीच, म्हणजे सु. ०·३०५, भरते. बेलच्या यशाचे एक कारण यात आहे. दुसरे कारण म्हणजे हत्तीच्या शरीररचनेचे त्याचे सूक्ष्म ज्ञान. तथापि नेम थोडा जरी चुकला, तरी अशी लहान गोळी चाल करून येणाऱ्या हत्तीला थोपवू शकत नाही. म्हणून बेलचे उदाहरण अनुकरणीय मानले जात नाही.

गोळीची घडणही तितकीच निर्णायक असते. हत्ती, गेंडा व पाणघोडा यांच्यासाठी न पसरणारी ‘घन’ गोळी वापरतात. पूर्वी ती पोलादी आवरणाची व शिशाच्या गाभ्याची असे. आता ती बहुधा अखंड पितळेची किंवा तांब्याची, चपट्या टोकाची करतात, कारण असे टोक शरीरात सरळ मार्ग राखते. सिंह व बिबळ्या यांची शरीरे तुलनेने हलकी असल्याने त्यांच्यासाठी पसरणारी मऊ टोकाची गोळी योग्य ठरते. रानरेड्यासाठी पहिली गोळी मजबूत बांधणीची पसरणारी व पुढील गोळ्या घन, अशी योजना अनेक जण करतात.

जॉन टेलर याने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वजन, वेग व व्यास यांच्या गुणाकारावर आधारलेले ‘आघातमूल्य’ मांडले. त्यानुसार ०·३७५ मॅग्नमचे मूल्य सु. ४०, तर ०·४७० चे सु. ७० येते. मोठ्या कॅलिबरचा हत्तीला सुन्न करणारा आघात त्यातून स्पष्ट होतो. परंतु गोळीची घडण व छेदीय घनता त्यात जमेस धरलेली नाहीत.

प्रत्याघात : गोळी जितकी जड व वेगवान, तितका रायफलीचा मागे बसणारा धक्का अधिक. हरणाच्या शिकारीसाठी रूढ असलेल्या ०·३० कॅलिबरच्या रायफलीच्या तुलनेत ०·३७५ मॅग्नमची प्रत्याघाती ऊर्जा सु. दुप्पट, तर ०·४५८ लॉटची तिपटीहून अधिक असते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटतात व नेम ढळतो. शिकाऱ्याला अचूकपणे हाताळता येईल तोच कॅलिबर त्याच्या दृष्टीने मोठ्यात मोठा होय. त्यापुढील शक्ती निरुपयोगी ठरते.

निवड : यावरून साधारण तीन पायऱ्या दिसून येतात. ०·३७५ मॅग्नम ही किमान पायरी. ते सर्वत्र मिळते, त्याचा धक्का सरावाने सोसता येतो व बिबळ्यापासून हत्तीपर्यंत सर्वांसाठी ते चालते. ०·४१६ गटात भेदनशक्ती व आघात यांचा चांगला मेळ आहे. ०·४५८ व त्यापुढील कॅलिबर प्रामुख्याने अंगावर येणारे श्वापद जवळून थोपविण्यासाठी असतात. म्हणून सोबतचा व्यावसायिक शिकारी मोठा कॅलिबर बाळगतो. त्याच्याबरोबरच्या पाहुण्याला मात्र पहिली गोळी अचूक मारता येईल अशी रायफल हितावह असते. दुनळी रायफलीच्या दोन नळ्यांना स्वतंत्र कळा असल्यामुळे दुसरी गोळी तत्काळ झाडता येते. परंतु ती महाग असते आणि दोन गोळ्यांनंतर पुन्हा भरावी लागते. बोल्ट रायफल स्वस्त असून तीत तीन-चार गोळ्या मावतात.

अनेक देशांत किमान मर्यादा कायद्याने ठरविली आहे. नामिबियात हत्ती, गेंडा व रानरेडा यांच्यासाठी नळीच्या मुखाशी किमान ५,४०० जूल ऊर्जा आवश्यक असते. ०·३७५ मॅग्नम ही मर्यादा थोडक्यात ओलांडते. शिकारीची मुभा मात्र सर्वत्र नाही. केन्याने १९७७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली. जेथे परवानगी आहे, तेथे ती परवाने व ठराविक संख्या यांनी नियंत्रित असते. प्राण्याला विनाविलंब मृत्यू यावा व जखमी श्वापद मागे राहू नये, ही परवानाधारकाची जबाबदारी होय. आणि ती पार पाडण्यात कॅलिबरइतकाच गोळीच्या घडणीचा व नेमबाजीच्या सरावाचा वाटा असतो.