दुखावलेले कोपर आणि विश्रांतीची मुदत

विश्रांतीचा सूड उगवणारा सांधा कोणता, असे एखाद्या अनुभवी अस्थिशल्यविशारदाला विचारले, तर तो बहुधा कोपराचेच नाव घेईल. दंडाचे एक आणि मनगटाकडे जाणारी दोन अशी तीन हाडे येथे एकाच कोशात परस्परांशी संलग्न झालेली असतात. हात दुमडणे-उलगडणे आणि तळहात उलटासुलटा करणे ही दोन्ही कार्ये त्याच चिंचोळ्या जागेत चालत असल्यामुळे, तेथील लहानसा बिघाडही सगळा कारभार खोळंबून टाकतो.

पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि देहाचा सारा भार कोपरावर येतो. अशा वेळी कधी कधी सांधा निखळतो, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे वाटोळे शीर फुटते, आणि सांधा मागे घसरू नये म्हणून करंगळीच्या बाजूच्या हाडाला जो पुढे आलेला उंचवटा असतो, तोही तुटतो. या तिहेरी दुखापतीला हॉचकिस या अमेरिकी शल्यविशारदाने १९९६ साली 'टेरिबल ट्रायड' असे नाव दिले. आणि त्या काळचे निकाल पाहता त्यात अतिशयोक्ती नव्हती. सांधा बसवून प्लास्टर घालावे, तर तो पुन्हा निखळे. फार दिवस जखडून ठेवावा, तर कायमचा आखडे.

कॅनडातील शल्यविशारदांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने या कामाला क्रम लावून दिला. प्रथम खोलवरचा उंचवटा जागी बसवायचा. मग फुटलेले शीर स्क्रूंनी जोडायचे, आणि ते जोडण्यापलीकडे गेले असेल तर तेथे धातूचे शीर बसवायचे. शेवटी बाहेरच्या बाजूचा तुटलेला अस्थिबंध हाडाशी पुन्हा शिवायचा. फुटलेले शीर नुसते काढून टाकण्याची जुनी वहिवाट या दुखापतीत घातक ठरते, कारण सांध्याचा तो एक आधारस्तंभच असतो. एवढा बंदोबस्त करायचा, तो हात काही दिवसांतच हलविता यावा म्हणून. तीन आठवड्यांहून अधिक काळ बांधून ठेवलेले कोपर आखडण्याचा धोका फार असतो.

म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरचा व्यायामोपचार ही शल्यकर्माची पुरवणी नव्हे, त्याचा उत्तरार्धच होय. रुग्णाला उताणे निजवून, दंड छताकडे उभा ठेवून कोपर वाकवायला लावतात, कारण त्या स्थितीत हाताचा भारच सांधा जागेवर दाबून धरतो. हात पूर्ण सरळ करण्याची मुभा मात्र पहिले काही आठवडे नसते. हालचाल रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी करावयाची, दुसऱ्याने ओढून नव्हे. आपल्याकडे हाडवैद्याकडून तेल चोळून घेण्याची हौस अजून सरलेली नाही. कोपराच्या बाबतीत या हौसेची फार मोठी किंमत पडते, कारण दुखावलेल्या स्नायूला जोराने रगडले की त्यातच नवे हाड धरू शकते, आणि मग सांधा आतूनच अडतो.

निरोगी कोपर सुमारे १४५ अंशांपर्यंत वाकते. परंतु नित्याच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची कमान पुरते, असे अमेरिकेतील मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखविले. सरळ होण्यातले शेवटचे काही अंश पुष्कळांना परत मिळत नाहीत. पण घास घेताना किंवा सदऱ्याचे गळ्याजवळचे बटण लावताना त्यांची उणीव भासत नाही. कमान याहूनही तोकडी राहिली, तर काही महिन्यांनी आखडलेला कोश सोडविणारी दुसरी शस्त्रक्रिया करता येते, आणि तिच्यानंतरही तोच व्यायाम पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.