पेटीतले मुके स्टॉप

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका भजनी मंडळाची जुनी पेटी दुरुस्तीला उघडली, तेव्हा मी शेजारी बसून पाहत होतो. पुढच्या फळीवर सात स्टॉप. कारागिराने एकेक ओढून दाखवला. "भाऊ, हे तीन कामाचे. बाकीचे निस्ते शोभेचे हायेत." त्या चार स्टॉपच्या दांड्या फळीच्या आत बोटभर जाऊन संपत होत्या. पुढे झडप नाही, सूर नाही.

कामाचा स्टॉप ओढला की झडप उघडते आणि भात्यातला वारा सुरांच्या (रीडच्या) एका ओळीकडे जातो. 42 पट्ट्यांच्या पेटीत खालची खर्ज आणि मधली नर अशा दोन ओळी म्हणजे 84 पितळी सूर. तिसरी ओळ घातली की 126. प्रत्येक सूर घासून जुळवायचा, शिवाय वाराही जास्त लागतो. म्हणून साध्या पेटीत ओळी कमी असतात, पण दर्शनी भाग भरलेला दिसावा म्हणून स्टॉप मात्र पुरे लावतात.

चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्येही न वाजणारे स्टॉप सापडतात, पण त्यांची कहाणी वेगळी. तिथे 61 पट्ट्यांना एका स्टॉपचे साधारण 61 पाइप लागतात. 32 फुटी खर्जाचा सर्वांत मोठा पाइप तर तीन मजली घराएवढा उंच. पैसे अपुरे पडले, की बनवणारा स्टॉप बसवतो, जागा आणि जोडणी राखतो आणि यादीत तशी नोंद करतो. पाइप पुढे येतील, या भरवशावर. पुष्कळ ठिकाणी ते कधीच आले नाहीत. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचं नशीब मोठं. 1954 च्या त्या ऑर्गनला 7,866 पाइप. हॉलच्या नूतनीकरणानंतर 2007 मध्ये त्यांतले जेमतेम एक तृतीयांश परत बसले होते. लोकवर्गणी आणि इतर निधीतून बाकीचे बसले आणि 2014 मध्ये तो पुन्हा पूर्ण वाजला.

आपली पेटीही ऑर्गनच्याच कुळातली. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँने 1840 च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने चालवायचं वाद्य होतं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते हाताच्या भात्यावर आणलं. पाय सुटला, आकार आटोपशीर झाला, पण पुढच्या फळीवरची स्टॉपची रांग तशीच राहिली. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, तरी वऱ्हाडातल्या भजनातली तिची जागा हलली नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने भजनाला ठेका दिला, आणि गाणाऱ्यांना सूर धरून ठेवायला पेटी होतीच.

मला वाटतं, मुका स्टॉप असणं गैर नाही, तो न सांगता विकणं गैर आहे. मंडळं दहा-वीस रुपये वर्गणी जमवून पेटी घेतात. घेताना एक करावं: सगळे स्टॉप बंद करून भाता मारावा, एक पट्टी दाबून धरावी आणि स्टॉप एकेक उघडत जावा. ज्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, त्याचे पैसे देऊ नयेत. आणि पुढेमागे तिसरी ओळ घालायची असेल, तर कारागिराला आजच सांगून आत तेवढी जागा सोडवून घ्यावी.