विश्लेषण : मावा पिवळ्या सापळ्यावर का बसतो आणि चंदेरी कागदाला का बिचकतो?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊस, कांद्याच्या जोडीला मिरची आणि कलिंगडही घेतले जाते. अशा पिकांत गादीवाफ्यावर चंदेरी मल्चिंग पेपर अंथरतात आणि पिवळे चिकट सापळे लावतात. माव्याला रोखण्यासाठी हे दोन्ही उपाय त्याच्या डोळ्यांचाच फायदा घेतात.

माव्याला काय दिसते?

आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश माव्याला दिसतो. आकाशातून तो भरपूर येतो. पाने मात्र तो शोषून घेतात आणि हिरवा-पिवळा प्रकाश परतवतात. त्यामुळे माव्याच्या लेखी अतिनील म्हणजे आकाश आणि हिरवा-पिवळा म्हणजे पीक. पिवळा सापळा हा प्रकाश पानापेक्षाही जास्त परतवतो, म्हणून मावा त्याकडे ओढला जातो.

प्रयोगशाळेत काय दिसले?

ब्रिटनमधील जॉन केनेडी आणि बूथ यांनी १९६३ मध्ये माव्याच्या मुक्त उड्डाणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोठीत वर दिवा होता आणि वरून खाली वारा सोडलेला असे. मावा दिव्याकडे जितक्या वेगाने चढे, तितकाच वारा ठेवला की तो हवेत एकाच जागी उडत राही. वाऱ्याच्या वेगावरून त्याचा चढण्याचा वेग कळे. नुकताच उडालेला मावा प्रकाशाकडे जोर लावतो; काही काळ उडून झाल्यावर तोच पानासारख्या रंगाकडे वळून उतरू लागतो, हे अशा प्रयोगांतून समजले.

शेतात याचा उपयोग काय?

मावा कलिंगड आणि मिरचीत काकडी मोझॅक विषाणू पसरवतो. सोंड टोचल्यावर काही सेकंदांतही लागण होऊ शकते. म्हणजे फवारणीने मावा मरेपर्यंत रोग झाडात शिरलेला असतो. म्हणून त्याला उतरू न देणेच महत्त्वाचे. चंदेरी कागद अतिनील प्रकाश वर फेकतो आणि उतरू पाहणाऱ्या माव्याला खालीही आकाशच भासते. वेलांनी कागद झाकला की हा परिणाम ओसरतो. संरक्षण मिळते ते लागवडीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत.

सापळा पुरेसा आहे का?

नाही. सापळ्यावर पंखवाला मावाच येतो. पानाखालची बिनपंखी पिल्ले तिथे पोहोचत नाहीत, उलट काही मित्रकीटकही चिकटतात. सापळा मावा आल्याची वर्दी देतो; पाने उलटून पाहणे टळत नाही.