स्कॅनर बिघडलेला नसतो, दुभाष्या बदललेला असतो

मेहकरहून खामगावला जाताना वाटेत जानेफळ लागते. मागे काही कामानिमित्त तेथे थांबलो असता एका ऑनलाइन कामाच्या दुकानात बसण्याचा योग आला. दुकान लहान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक सपाट काचेचा स्कॅनर आणि बाहेर दोन बाके. बाकांवर सात-आठ माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेली आणि आत तरुण दुकानदार घामाघूम झालेला. आदल्या रात्री कॉम्प्युटरने आपणहून अपडेट घेतला होता आणि सकाळपासून त्याला स्कॅनर दिसतच नव्हता. स्कॅनरचा दिवा लागत होता, पण पडद्यावर एकच ओळ : स्कॅनर सापडला नाही.

बाकावरच्या मंडळींत गेट-ग्रील बनवणारे एक वयस्क कारागीर होते. ठेकेदाराला जीएसटीचे बिल हवे म्हणून त्यांनी नोंदणीचा अर्ज केला होता. अधिकाऱ्याने आरईजी-०३ ही नोटीस काढून वर्कशॉपच्या जागेचा भाडेकरार वाचता येईल असा पुन्हा मागितला होता. या नोटिशीला उत्तर देण्यास कामाचे ७ दिवस मिळतात, हे आमच्या व्यापारी वाचकांना ठाऊक असेलच. मुदतीत उत्तर गेले नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि मग सारे पहिल्यापासून. चाचांचा तो सहावा दिवस होता.

"चाचा, मशीन गेली वाटते. खामगावहून नवी आणावी लागेल," दुकानदार म्हणाला.

"बेटा, मशीन तू केव्हाही आण. माझा कागद आज गेला पाहिजे," चाचा म्हणाले.

आमच्या मते चाचांनी नेमकी गोष्ट सांगितली. अशा वेळी दुकानदार यंत्राशी झटत बसतो आणि गिऱ्हाईक परत जाते. कामे दोन आहेत, ती वेगळी ठेवावीत. आधी कागद पाठवावा, मग यंत्राकडे पाहावे. आम्ही भाडेकरार दाराजवळच्या उजेडात टेबलावर सपाट ठेवायला सांगितला, मोबाइलचा फ्लॅश बंद केला आणि गुगल ड्राइव्हमध्येच असलेल्या स्कॅनच्या सोयीने सर्व पाने एका पीडीएफमध्ये घेतली. (अनेक दुकानांत अजून कॅमस्कॅनरचे नाव निघते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ते होते, तेव्हा त्याच्या मागे लागू नये.) शिक्क्याची अक्षरे मोठी करून तपासली. अर्ध्या तासात उत्तर पोर्टलवर गेले. मग आम्ही स्कॅनरकडे वळलो.

यंत्र ठीक आहे की नाही, हे आधी पाहावे. प्रिंटर-स्कॅनर-कॉपियर असे एकत्र यंत्र असेल तर कॉम्प्युटरची वायर काढून नुसती झेरॉक्स काढून पाहावी. ती स्वच्छ निघाली म्हणजे काच, दिवा, मोटर सारे शाबूत आहे. अपडेटनंतर अचानक बंद पडलेल्या स्कॅनरमध्ये बहुधा हेच आढळते. यंत्र बिघडलेले नसते, यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाष्या बदललेला असतो. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटरची भाषा स्कॅनरला कळत नाही आणि स्कॅनरची कॉम्प्युटरला. कंपनीने दिलेला ड्रायव्हर दोघांची बोलणी करून देतो. अपडेट येतो तेव्हा कधी जुना दुभाष्या काढून त्याच्या जागी सर्वसाधारण दुभाष्या बसवला जातो, कधी जुन्याला नव्या घरात प्रवेशच मिळत नाही.

ही अडचण केवळ खेड्यातल्या दुकानाची आहे असे कोणी समजू नये. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तेव्हा जगभर असाच प्रकार घडला. ईएससीएल नावाच्या पद्धतीने बोलणारे काही स्कॅनर यूएसबी वायरने जोडलेले असूनही कॉम्प्युटरला सापडेनात. स्कॅनर आपल्या ईएससीएल पद्धतीतून यूएसबी पद्धतीत येतच नव्हता, त्यामुळे त्याला योग्य ड्रायव्हर मिळत नव्हता. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य केला, अशी यंत्रे जोडलेल्या कॉम्प्युटरना ती आवृत्ती देणे काही काळ थांबवले आणि डिसेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये (क्रमांक केबी५०४८६६७) दुरुस्ती दिली. त्या दोन महिन्यांत ज्यांनी घाईने नवा स्कॅनर घेतला असेल, त्यांचे पैसे विनाकारण गेले. म्हणून एका अपडेटने बिघडलेले काम पुढच्या अपडेटने सुधारते का, हे आधी पाहावे.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. प्रथम कॉम्प्युटर "रीस्टार्ट" करावा. येथे पुष्कळजण चुकतात. ते "शट डाउन" करून पुन्हा चालू करतात आणि म्हणतात, बंद-चालू करून पाहिले. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शट डाउनमध्ये प्रणालीचा काही भाग झोपवून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उठवला जातो. रीस्टार्टमध्ये सर्व नव्याने सुरू होते. त्याच वेळी स्कॅनरची वीज काढून दोन मिनिटे थांबावे आणि यूएसबी वायर हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत लावावी.

एवढ्याने भागले नाही तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून "डिव्हाइस मॅनेजर" उघडावा. "इमेजिंग डिव्हाइसेस" खाली स्कॅनरचे नाव असते. नावापुढे पिवळी खूण असेल किंवा नाव भलतेच असेल, तर दोष ड्रायव्हरचा. तेथेच "प्रॉपर्टीज"मध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" हे बटण असते. ते दाबता येत असेल तर पूर्वीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिके असेल तर यंत्र "अनइन्स्टॉल" करावे, वायर काढावी, रीस्टार्ट करावे, स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन तो बसवावा आणि सांगितले जाईल तेव्हाच वायर जोडावी. वायर आधीच जोडली तर विंडोज पुन्हा आपला सर्वसाधारण दुभाष्या पुढे करण्याचा संभव असतो. जानेफळच्या दुकानात हेच झाले होते. तेथे ते एकदा काढून टाकल्यावर आणि कंपनीचा ड्रायव्हर बसवल्यावर स्कॅनर चालू झाला. यंत्राच्या कंपनीचे नाव देण्याचे कारण नाही. हे कोणाच्याही यंत्राबाबत होते.

कधी ड्रायव्हर बरोबर असतो, पण विंडोजची सेवाच झोपलेली असते. सर्चमध्ये "सर्व्हिसेस" लिहून यादी उघडावी आणि "विंडोज इमेज अ‍ॅक्विझिशन" ही नोंद चालू आहे का पाहावे. नसेल तर चालू करून ती "ऑटोमॅटिक"वर ठेवावी. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या साध्या "विंडोज स्कॅन" प्रोग्रॅममधून एक पान घेऊन पाहावे. तेथे पान आले आणि आपल्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये आले नाही, तर दोष त्या प्रोग्रॅमचा. जुना ट्वेन ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर तो ६४ बिटच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. अशा वेळी प्रोग्रॅमची ३२ बिटची आवृत्ती घेतली की काम होते.

ज्यांच्याकडे जुने मोठे झेरॉक्स मशीन आहे आणि त्यावरून पान थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकण्याची सवय आहे, त्यांचा प्रश्न निराळा. त्यांतली अनेक मशीन एसएमबी-१ या जुन्या रस्त्याने फाइल पाठवतात. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नवी विंडोज बसवताना हा रस्ता मुळात बंदच ठेवलेला असतो. तो पुन्हा उघडून देणारे कारागीर भेटतात. आम्ही मात्र तसे करू नये असेच सांगू. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने याच एसएमबी-१ मधल्या दोषातून देशोदेशींचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते. मशीनला पेनड्राइव्हची खाच असते, तिच्यात पान घ्यावे. चार पावले जास्त चालावी लागतील, एवढेच.

यापुढची गोष्ट खरोखर जुन्या स्कॅनरची. विंडोज १० ला मिळणारा मोफत सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेकांना विंडोज ११ कडे जावे लागले. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ज्या स्कॅनरच्या कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नाही, तो वर सांगितलेल्या उपायांनी चालणार नाही. तरीही तो लगेच भंगारात देऊ नये. व्ह्यूस्कॅन नावाचा विकत मिळणारा प्रोग्रॅम पुष्कळ जुन्या स्कॅनरना स्वतःच्या ड्रायव्हरने चालवतो. विकत घेण्याआधी तो चाचणीसाठी वापरता येतो, फक्त पानावर त्याचा छाप उमटतो. आपले मॉडेल चालते का, हे बघूनच पैसे द्यावेत. लिनक्स वापरणाऱ्यांना सेन हा मोफत मार्ग आहे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त स्कॅनिंगला ठेवावा आणि पाने पेनड्राइव्हने न्यावीत.

ड्रायव्हर शोधतानाच्या धोक्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे नुकसान स्कॅनरच्या किमतीपेक्षा मोठे होऊ शकते. गुगलवर मॉडेलचे नाव टाकले की वरच्या ओळींत भलत्याच साइट येतात. कोणी मोफत ड्रायव्हरच्या नावाखाली दुसरेच काही बसवते, कोणी "कस्टमर केअर" म्हणून नंबर देते. नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा पडदा आपल्या ताब्यात मागतो. त्या कॉम्प्युटरमध्ये गावातल्या शेकडो लोकांचे आधार, पॅन, बँकेची पासबुके पडून असतात. ती दुकानदाराकडे ठेवलेली अमानत आहे. अनोळखी माणसाला पडदा देऊ नये आणि गिऱ्हाइकाचे काम झाले की फाइल पुसून टाकावी, म्हणजे चोरायलाच काही उरणार नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. (येथे सहज सांगतो : उद्यम नोंदणीला एकही कागद चढवावा लागत नाही. त्यासाठी कोणी स्कॅनिंगचे पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.)

सगळे करून थकलात तर मागे फिरता येते. "सेटिंग्ज"मध्ये "विंडोज अपडेट", त्यात "अपडेट हिस्टरी", त्याच्या तळाशी "अनइन्स्टॉल अपडेट्स". मोठी आवृत्तीच बदलली असेल तर "रिकव्हरी"मधून पूर्वीच्या आवृत्तीवर जाता येते, पण साधारण १० दिवसांच्या आतच. त्यानंतर जुन्या फाइली पुसल्या जातात. अपडेट कायमचे बंद ठेवणे मात्र चांगले नाही, कारण सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते. शिष्यवृत्तीच्या किंवा परताव्याच्या शेवटच्या तारखा जवळ असतील तेव्हा "पॉज अपडेट्स" करावे आणि गर्दी ओसरल्यावर, शक्यतो दुकान बंद असण्याच्या दिवशी, अपडेट आपल्या हाताने घ्यावा.

जानेफळच्या त्या दुकानदाराने चालू झालेला ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर घेतला, त्यावर स्कॅनरचे मॉडेल लिहून चिठ्ठी चिकटवली आणि तो गल्ल्यात टाकला. दुपारपर्यंत बाके रिकामी झाली. चाचा घाईत भाडेकराराची मूळ प्रत टेबलावरच विसरून गेले होते. दुकान बंद केल्यावर ती त्यांच्या घरी पोहोचवून मगच तो जेवायला गेला.