समूहचित्रांतील मागची रांग

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव हें कापसाच्या बाजारासाठीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. जलंबपासून तेथपर्यंतचा आगगाडीचा लहानसा फांटा १८७० सालीं सुरू झाला तोहि या कापसासाठींच. याच गांवीं आणि जळगांव-जामोद येथें वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नाटककार, विनोदकार आणि टीकाकार अशी त्यांची तिहेरी कीर्ति. राम गणेश गडकरी व वि. स. खांडेकर यांच्यासारखे लेखक त्यांना गुरु मानीत. त्यापूर्वीं १९१२ सालीं वऱ्हाडांतच, अकोल्यास, हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखालीं संमेलन भरलें होतें.

अध्यक्षाचें नांव इतिहासांत राहतें. त्याचें भाषण छापून निघतें. पण तें ऐकण्यासाठीं घरचें काम टाकून, गांठीचे पैसे मोडून जी मंडळी येते, तिची नोंद कोण ठेवतो? १९२७ च्याच जुलैमध्यें, २३ तारखेस, मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें खरें. परंतु संमेलनाच्या मांडवांतील हंशा आणि टाळ्या जतन होण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता. रसिकांची नोंद ठेवणारा मनुष्य बहुधा एकच असे, आणि तो काळ्या कापडाखालीं डोकें घालून उभा असे.

समूहचित्र घेणें हें त्या काळीं घटकाभराचें काम नव्हतें. तिपाईवर लांकडी कॅमेरा, त्याच्या मागच्या अंगास दुधी कांच, आणि त्या कांचेवर उमटलेली सगळी मंडळी उलटी: डोकीं खालीं, पाय वर. (विद्वत्सभेचें हें दर्शन एकट्या फोटोग्राफरलाच घडे. तो त्याविषयीं कोणाजवळ बोलत नसे, हा त्याचा सभ्यपणा.) पुढें सतरंजीवर तरुण मंडळी, मध्यें खुर्च्यांवर अध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि देणगीदार, त्यांच्यामागें उभी रांग, आणि तिच्याहि मागें बाकांवर चढलेले लोक. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्व चेहरे सारखेच स्पष्ट यावेत म्हणून भिंगाचें छिद्र लहान ठेवावें लागे. छिद्र लहान झालें कीं उजेड कमी, आणि उजेड कमी म्हणजे स्तब्ध राहण्याचा अवधि अधिक. तेवढ्यांत ज्यानें मान वळविली, त्याच्या खांद्यावर चेहऱ्याऐवजीं धुकें दिसे. मांडवांत अंधार असेल तर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. एक लख्ख भडका आणि मागोमाग पांढरा धूर.

ही सामग्री गांवोगांव नेतां येऊं लागली ती कोरड्या कांचेमुळें. जुन्या रीतींत कांचेवरील लेप ओला असतांनाच चित्र घेऊन तेथल्या तेथें धुवावें लागे; म्हणजे स्टुडिओबाहेर जावयाचें तर काळोखी खोलीच बरोबर घेऊन हिंडावें लागे. जिलेटिनच्या कोरड्या लेपाची कल्पना रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें १८७१ सालीं प्रसिद्ध केली. योगायोग असा कीं, कोल्हटकरांचा जन्महि त्याच सालचा. पुढें या कांचा कारखान्यांत तयार होऊन पेटींतून मिळूं लागल्या, आणि स्टुडिओबाहेरच्या सभासंमेलनांचीं चित्रें घेणें सुलभ झालें.

इतकें करून फोटोग्राफरच्या वांट्यास काय येई? प्रती खपल्या तर चार पैसे; नांव मात्र क्वचितच. पुष्कळ स्टुडिओ चित्राखालच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांत आपलें नांव ठशानें उमटवीत असत. पण चौकट बसविणाऱ्याला तोच कांठ अडचणीचा वाटला, तर तो कापून टाकी, आणि नांव केरांत जाई. कायद्याचा कलहि चित्र काढविणाऱ्याकडेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, उलट करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार पैसे देणारा ठरतो, काढणारा नव्हे. हक्क आणि श्रेय या गोष्टी निराळ्या आहेत हें खरें. पण व्यवहारांत पहिली गेली कीं दुसरीहि तिच्या पाठोपाठ जाते.

हें ऋण एका रसिकसमाजानें कसें फेडलें, याचें उदाहरण साहित्य संमेलनाच्या एका दूरच्या भावंडाकडे सांपडतें. अमेरिकेंत एप्रिल १९२६ मध्यें ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक काढलें. त्यांत वाचकांचीं पत्रें त्यांच्या पत्त्यांसह छापलीं जात. त्यामुळें वाचक परस्परांस लिहूं लागले, त्यांचीं मंडळें निघालीं, आणि जुलै १९३९ मध्यें न्यूयॉर्क येथें त्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. जमले अवघे २०० च्या आसपास लोक! कॅलिफोर्नियाहून आलेला फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण भविष्यकाळांतील मनुष्याचा पोशाख घालून तेथें वावरला. तो पोशाख मर्टल डग्लस या त्याच्या सहकारिणीनें तयार केला होता. हौशी वाचकांच्या या वेडाकडे त्या वेळीं कोणा इतिहासकाराचें लक्ष जाणें शक्य नव्हतें. तरी तो पोशाख आजहि पाहावयास मिळतो, कारण उपस्थितांपैकीं कोणीतरी कॅमेरा उचलला.

या संमेलनांना पुढें जे के क्लाइन (१९३१–२०१२) हा मोठा छायाचित्रकार लाभला. १९६२ च्या शिकागो संमेलनापासून त्यानें आपल्या चित्रांचे संग्रह पुस्तकरूपानें छापण्यास आरंभ केला, आणि चित्रांखालीं माणसांचीं नांवें दिलीं. नामांकित लेखकांचीं तशींच साध्या वाचकांचींहि. कळ दाबण्यास क्षण पुरतो. शंभर अनोळखी चेहऱ्यांचीं नांवें विचारून, पडताळून लिहावयाचीं तर महिने लागतात, आणि खरी किंमत या दुसऱ्या कामाची आहे. रसिकांनींहि ती ओळखली. १९७४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या जागतिक संमेलनांत क्लाइन रसिकवर्गांतील सन्माननीय पाहुणा होता. सदैव कॅमेऱ्यामागें असणारा मनुष्य त्या दिवशीं पुढें बसला. त्याचा हजारों चित्रांचा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ग्रंथालयांत जतन केला आहे.

मराठी घरांतील जुन्या समूहचित्रांस असें ग्रंथालय मिळेलच असें नाहीं. त्यांची देखभाल बहुधा घरांतच व्हावयाची. पावसाळ्यांतील ओलीनें जिलेटिन फुगतें, चौकटीच्या कांचेस चिकटतें आणि त्यावर बुरशी धरते. वऱ्हाडचा उन्हाळा तोच लेप सुकवून त्यास तडे पाडतो. म्हणून चित्र व कांच यांच्यामध्यें पुठ्ठ्याच्या पट्टीचें अंतर ठेवावें, आणि चौकट बाहेरच्या भिंतीवर टांगूं नये. चिकटलेलें चित्र ओढून काढण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. चेहरे कांचेबरोबर निघून येतात.

नांवें लिहितांना शाई वापरूं नये, ती पुढच्या बाजूस पाझरते. मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, मागच्या अंगास लिहावें: कोणती रांग, डावीकडून कितवा, नांव, गांव. ज्याची ओळख पटत नाहीं त्याची जागा मोकळी ठेवावी. अंदाजानें नांव घालणें हें न घालण्याहून वाईट. आणि नवी चौकट करावयाची असेल, तर कात्री लावण्यापूर्वीं पुठ्ठ्याचा कोपरा उजेडांत तिरपा धरून पाहावा. पुसट झालेला ठसा अशा वेळीं वाचतां येतो, आणि तेंहि नांव इतर नांवांच्या खालीं लिहून ठेवतां येतें.

मधल्या खुर्च्यांवरील मंडळी पुस्तकांवरून ओळखतां येते. तिची घाई नाहीं. घाई आहे ती मागच्या रांगेची. बाकावर चढलेला तो मुलगा कोणाचा, हें सांगूं शकणारी एखादी आजी अजून शेजारींच राहत असते. चित्र भिंतीवरून उतरवून प्रथम तिच्याकडे न्यावें.