चाराचे आठ

झाडावरून उतरवलेला चिकू हा मोठा बेमुर्वत माल आहे. तो गिऱ्हाइकाची वाट पाहत नाही, अडत्याच्या सवडीची पर्वा करीत नाही, आणि वाटेत नाक्यावर गाडी अडली म्हणून आपले पिकणे एका दिवसानेही लांबवीत नाही. बांबूच्या टोकाला बांधलेल्या झेल्यात तो कठीण असतानाच खुडून घ्यावा, देठाचा चीक वाळू द्यावा, लहानमोठा निवडून खोक्यांत भरावा, आणि आठवडा उलटून तो मऊ पडण्याच्या आत दूरच्या कोणा शहरातील गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, एवढ्या एका खटाटोपात डहाणू-घोलवडकडील बागाईतदारांच्या पिढ्या खर्ची पडल्या. २०१६ साली या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या गोडीची दप्तरी नोंद झाली. परंतु नाशवंत मालाची मुदत शिक्कामोर्तबाने वाढत नाही. म्हणूनच ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव सरावलीस आमच्या ओटीवर प्रथम उच्चारले गेले तेव्हा, शब्द नवा आणि दुखणे जुने, असा काहीसा प्रकार झाला.

उच्चारणारा माझा भाचा. मुंबईच्या एका व्यवस्थापन-विद्यालयात तो शिकतो, आणि मे महिन्याच्या सुटीत आला तो संगणक उघडूनच बसला. “मामा, आम्हाला फळांच्या रसाची एक कंपनी चालवायची आहे, बुडत चाललेली,” असे त्याने सांगताच मी भाबडेपणाने विचारले की, कंपनी आहे कुठे? त्याने पडद्याकडे बोट दाखवले.

ही कंपनी म्हणजे ‘द फ्रेश कनेक्शन’ नावाचा खेळ. नेदरलँड्समधील ‘इनचेंज’ या संस्थेने तो २००८च्या सुमारास रचला, आणि आज देशोदेशीची विद्यालये आपापल्या विद्यार्थ्यांचे चमू त्यावर झुंजवतात. चमू चौघांचा असतो: एकाकडे खरेदी, दुसऱ्याकडे उत्पादन, तिसऱ्याकडे विक्री आणि चौथ्याकडे साठ्याचा व नियोजनाचा सारा कारभार. एक फेरी म्हणजे कंपनीच्या आयुष्यातील सहा महिने. फेरी सुरू झाली की प्रत्येकाने आपापल्या खात्याचे निर्णय नोंदवावयाचे, मुदत संपली की संगणकाने त्या सहामाहीचा जमाखर्च मांडून दाखवावयाचा, आणि गुंतवलेल्या भांडवलावर ज्याचा परतावा अधिक त्याचा क्रमांक वर लागावयाचा. नियम असे सुटसुटीत असले तरी खेळ सोपा नाही. कारण एका खात्याचे पुण्य दुसऱ्या खात्याच्या डोक्यावर पाप होऊन कोसळावे, अशीच त्याची घडण आहे. विक्रीवाल्याने मोठ्या दुकानदाराला खूश करण्याकरिता ‘आमचा रस तुमच्या फळीवर पोहोचेल तेव्हा त्याचे बरेचसे आयुष्य शिल्लक असेल’ अशी हमी दिली, की उत्पादनवाल्याला लहान लहान घाणे काढावे लागतात आणि यंत्रे धुण्यापुसण्यातच पाळी सरते. खरेदीवाल्याने दोन पैसे वाचवण्याकरिता दूरदेशीचा पुरवठादार पत्करला, की त्याच्या दिरंगाईच्या धास्तीने साठेवाल्याला राखीव माल वाढवावा लागतो, वखार भरून वाहते, आणि वाचलेले दोन पैसे भाड्यात जातात. चौघेही आपापल्या जागी शहाणे, आणि कंपनी मात्र तोट्यात! एकत्र कुटुंबात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागू नये.

या खेळांचे मूळपीठ अमेरिकेत आहे. जे फॉरेस्टर हा मनुष्य मूळचा विद्युत-अभियंता. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या शोधात त्याचा वाटा मोठा, आणि १९५६ साली तो एमआयटीच्या व्यवस्थापन-विद्यालयात आला तो आपल्या शास्त्राचा तेथे काय उपयोग, हे शोधीत. जनरल इलेक्ट्रिकच्या माणसांनी त्याच्यापुढे एक कोडे ठेवले: केंटकीतील त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-तीन, चार-चार पाळ्यांनी काम चाले, आणि काही वर्षांनी पाहावे तो निम्मे कामगार घरी बसवलेले, असे का व्हावे? बाजारात तेजी-मंदी असतेच, हे उत्तर सर्वांना पाठ होते. परंतु फॉरेस्टरचे त्याने समाधान होईना. त्याने वहीच्या एका पानावर रकाने आखले, साठा, कामगार आणि मागण्या यांचे आकडे आठवड्यामागून आठवडा हाताने मांडीत गेला, आणि त्याला असे आढळले की बाहेरची मागणी स्थिर राहिली तरी नोकरभरतीचे आणि मालाच्या मागणीचे जे नियम कारखान्याने स्वतःच घालून घेतले होते, त्यांच्याच पोटी ही भरती-ओहोटी जन्मते. संगणकीय अनुकरणाच्या या साऱ्या पसाऱ्याचा आरंभ असा पेन्सिलीने झाला, आणि मजुराला कामावरून का काढले जाते या प्रश्नाने झाला, हे मला मोठे लक्षणीय वाटते. पुढे त्याचे प्रयोजन पडेल.

त्याच विचारातून एमआयटीत ‘बिअर गेम’ निपजला, आणि तो संगणकावाचूनही खेळता येतो. हे मला कळण्यास वीज कारणीभूत झाली. भाच्याची चौथी फेरी रंगात आली असताना ती गेली, आणि ती लवकर येईल असा भरवसा आमच्याकडे कोणी धरीत नाही. ओटीवर त्याच दिवशी चिंच फोडलेली होती. सुपात चिंचोक्यांचा ढीग होता. भाच्याने पाटावर खडूने चार घरे आखली आणि म्हणाला, “बिअरऐवजी चिकूची खोकी समजा.” वहिनी दुकानदार झाल्या, मी घाऊक व्यापारी, शेजारचे बागाईतदार गृहस्थ अडत्ये, आणि सर्वांत वरच्या टोकाला, जिथून माल निघतो तिथे, आमच्या तोडणीच्या टोळीचा मुकादम बसला. प्रत्येकापुढे बारा चिंचोके शिल्लक. वहिनींनी दर खेपेस गिऱ्हाइकाची चिठ्ठी उलटून पाहावी, तेवढा माल द्यावा, आणि आपली मागणी चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे सरकवावी. मी शेजाऱ्यांकडे, शेजाऱ्यांनी मुकादमाकडे. चिठ्ठी पोहोचायला दोन आठवडे, माल यायला दोन आठवडे. शिल्लक मालावर खोक्यामागे आठ आणे दंड, मागणी तुंबली तर रुपया. आणि मुख्य अट ही की, आपसांत बोलावयाचे नाही.

चार आठवडे सारे सुरळीत चालले. पुढे वहिनींच्या चिठ्ठ्या फुगू लागल्या; माझी शिल्लक सरली, तुंबलेला माल मागे लागला, आणि मी मनाशी हिशेब केला की सणासुदीची मागणी लागलेली दिसते, तेव्हा थोडी जादाच मागवावी. शेजाऱ्यांनीही तसाच विचार केला असला पाहिजे. कारण मुकादमापुढे एकदम तीस खोक्यांची चिठ्ठी आली तेव्हा न बोलण्याची अट मोडून तो म्हणाला, “भाऊ, एवढी माणसं उद्या बोलावली, तर परवा त्यांना काय सांगू?” आम्ही त्याला गप्प केले. पुढच्या सात-आठ खेपांत जो माल मागवला होता तो सगळाच येऊन आदळला. पाटावर चिंचोके मावेनात, माझ्या चिठ्ठीवर शून्य, शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवर शून्य, आणि मुकादम रिकाम्या हाताने बसून. मी वहिनींकडे रागाने पाहिले. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघता? भावोजी, तुम्हीच माल देत नव्हता.”

भाच्याने गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या पालथ्या होत्या त्या उताण्या केल्या. पहिल्या चारांवर चार. पाचवीपासून अखेरपर्यंत आठ, आठ, आठ. साऱ्या वादळाचे कारण एवढेच, की चाराचे आठ झाले होते, तेही एकदाच.

आमची फजिती सार्वत्रिक आहे, हे समजून थोडे बरे वाटले. जॉन स्टरमन या एमआयटीच्याच अध्यापकाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळणाऱ्यांचा सरासरी खर्च साध्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दसपट निघाला. गिऱ्हाइकाची मागणी आठापुढे गेली नसता दुकानदाराची शिखर-मागणी सरासरी पंधरावर, घाऊकवाल्याची एकोणिसावर, वितरकाची सत्ताविसावर आणि कारखान्याची बत्तिसावर चढली होती. मुठीतली किंचित हालचाल टोकापर्यंत जाता जाता फटकारा होते म्हणून याला ‘बुलव्हिप’ म्हणतात. १९९७ साली हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे मांडली, तेव्हा लहान मुलांच्या लंगोटांचे उदाहरण पुढे आले होते. मुले तर ठरल्या गतीनेच लंगोट भिजवतात, मग कारखान्याच्या मागणीत एवढे उधाण का? मराठीत या फटकाऱ्याला आसूड म्हणावे लागेल. आणि जोतीरावांच्या पुस्तकामुळे तो कोणाच्या पाठीवर पडतो हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे या विद्येचे अधिष्ठान पवईच्या विहार तलावाकाठी आहे. १९६३ साली भारत सरकारने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने तेथे ‘निटी’ ही संस्था स्थापन केली, आणि २०२३ पासून ती आयआयएम मुंबई या नावाने ओळखली जाते. तेथे ‘मंडी’ नावाचा एक प्रघात मला पडद्यावरच्या खेळांहून अधिक आवडतो: विद्यार्थ्याच्या हाती शैक्षणिक खेळणी द्यावयाची आणि ती विकण्यास त्याला सरळ मुंबईच्या रस्त्यावर धाडावयाचे. चिठ्ठीमागचे गिऱ्हाईक तोंडावर ‘नको’ म्हणते ते कसे, हे त्याखेरीज कळत नाही. वस्तुतः साठा सांभाळण्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. शिवकालीन गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीने कारखानीस असे तो धान्य, दारूगोळा आणि सामानाचा हिशेब ठेवण्याकरिताच. आणि खेळातून शिकवण्याचा धडा तर आमच्याच तालुक्याचा. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि परदेशी महाग साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, माती यांवर आदिवासी मुलांना गणती शिकवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. त्या संध्याकाळचे आमचे चिंचोके त्याच परंपरेतले, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

मात्र या स्पर्धांविषयी माझी एक तक्रार आहे. पडद्यावरच्या कंपनीत पाळी वाढवणे अथवा कमी करणे हा बोटाच्या एका टिचकीचा व्यवहार आहे. परताव्याच्या टक्केवारीत त्याचे प्रतिबिंब तत्काळ पडते, आणि विद्यार्थी पुढच्या रकान्याकडे वळतो. फॉरेस्टरच्या वहीत कामगारांचा रकाना साठ्याच्या शेजारी होता. प्रश्नच त्यांच्यापासून निघाला होता. बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले गेले त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वेठीविरुद्ध वारली शेतकरी जमले. ज्या मुलखात हे घडले, तेथे राहून मजुराला केवळ खर्चाची बाब समजणे मला जड जाते. वाढवण बंदराचेही असेच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली, शहात्तर हजार कोटींहून अधिक रकमेचे ते काम आहे, आणि उद्याच्या एखाद्या स्पर्धेत ते नकाशावरचा एक ठिपका म्हणून येईल. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा विरोध मात्र त्या ठिपक्यात मावणार नाही. भाचा म्हणतो की, हा खेळाचा दोष नव्हे, खेळणाऱ्याने काय मोजावे हे ठरवावे. असेलही. पण ज्याची बेरीज होत नाही ते विशीतल्या पोराच्या नजरेला फारसे पडत नाही, हे मी माझ्या विशीवरून सांगतो.

रात्री नवाच्या सुमारास वीज आली. भाच्याने संगणक उघडला, दोन पाळ्यांची एक केली, आणि हिरव्या अक्षरांत आकडा वर सरकला. मुकादम मागे उभा राहून पाहत होता. एका पाळीत माणसे किती, असे त्याने विचारले तेव्हा “बघून सांगतो, काका,” म्हणून भाचा पाने चाळू लागला. मुकादमाने तेवढ्यात चिंचोके गोळा करून सुपात भरले, सूप भिंतीशी उभे केले, आणि पायरी उतरता उतरता मला म्हणाला, “भाऊ, उद्या तोडणीला चार माणसं आणू का आठ?”

मी उत्तर देण्याआधी वाशीच्या अडत्याला फोन लावला. तो उचलला जाईपर्यंत मुकादम पायरीवर उभा होता.