मोहल्ला समिती आणि पोलीस : भिवंडीचा अनुभव

सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणारी शांतता समितीची बैठक बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची आहे. दोन्ही समाजांतील प्रतिष्ठित मंडळी येतात, सलोख्याची भाषणे होतात, चहा होतो आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नाही. भिवंडीत 1988 नंतर जी मोहल्ला समिती उभी राहिली ती या प्रथेहून मुळातच वेगळी होती.

यंत्रमागांच्या या शहराने मे 1970 आणि मे 1984 अशा दोन भीषण दंगली पाहिल्या होत्या. 1970 च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने तपासातील पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. पुढे विभूति नारायण राय या पोलीस अधिकाऱ्याने हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीच्या अभ्यासवृत्तीवर संशोधन केले. दंगलीच्या काळात सर्वसाधारण हिंदूला पोलीस मित्र वाटतो, तर मुसलमानाला शत्रू, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो खात्यातीलच माणसाने काढला, हे विशेष.

1988 मध्ये भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी प्रतिष्ठितांना बाजूला ठेवले. शहराचे मोहल्ले पाडले, प्रत्येकाची जबाबदारी ठरावीक पोलिसाकडे दिली आणि समितीत हिंदू-मुसलमान सामान्य रहिवासी घेतले. बैठकीला तणावाचे निमित्त लागत नसे. नळावरचे भांडण, सांडपाणी, शेजाऱ्यांची कुरबूर असले किरकोळ विषयच तेथे येत. वरवर पाहता हे पोलिसांचे काम नव्हे. पण अशा तंट्यांतूनच हवालदार माणसांना नावाने ओळखू लागतो, आणि अफवा उठली की खरे काय हे विचारायला लोकांना एक ओळखीचा माणूस असतो. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली. जवळच्या भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे यांची तोपर्यंत बदली झाली होती, समित्या मात्र होत्या. मुंबईतही नंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे प्रभृतींनी मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली.

या संदर्भात भाषेचा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. फिर्याद, जबाब, हवालदार, अंमलदार, खबर हे मराठी पोलीस ठाण्यातील रोजचे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. 'पंचनामा' तर अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. उर्दू बोलणाऱ्या फिर्यादीला ते कानाने कळतात. मात्र कागद मराठीत लिहिला जातो, आणि जो वाचता येत नाही त्यावर सही करताना मनात संशय राहतोच. लिहिलेली खबर फिर्यादीला वाचून दाखवावी व तिची प्रत विनामूल्य द्यावी, हे बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 154 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही ते आहे. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते?

भिवंडीच्या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समित्या कायद्याने बांधलेल्या नव्हत्या. त्या अधिकाऱ्याच्या इच्छेवर चालत. 5 जुलै 2006 रोजी त्याच शहरात कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन जण ठार झाले आणि नंतर दोन पोलीस शिपायांना जमावाने मारले. या वेळी संघर्ष हिंदू आणि मुसलमान यांच्यात नव्हता, तर मुसलमान आणि पोलीस यांच्यात होता. वादाचा विषय होता एक भूखंड. म्हणजे मोहल्ल्याच्या बैठकीत कित्येक महिने आधीच निघू शकला असता असा.